पिंगळेसरांचं पीस

बाळांनो, एका जंगलात एक विद्वान पिंगळा राहायचा. विद्वान तसे प्रत्येक जंगलात असतात, पण याच्याकडे स्वतःची प्रयोगशाळा होती. सगळे त्याला पिंगळेसर म्हणत.

त्याच जंगलात ओढ्याकाठी कोळसुंद्यांच्या, म्हणजे रानकुत्र्यांच्या, सात गुहा होत्या. एका उन्हाळ्यात पहिल्या गुहेत डिस्टेंपर नावाचा रोग शिरला. पिल्लांचे डोळे चिकटले, नाकं वाहू लागली, पाय लटपटू लागले. सरांना वाईट वाटलं. थोडा उत्साहही वाटला.

"या रोगाच्या विषाणूची जनुकीय अक्षरं वाचायला हवीत," सर म्हणाले. "पंधरा हजार सहाशे नव्वद आहेत. जनुकं सहा. त्यातल्या एका जनुकापासून जे प्रथिन बनतं, त्याच्या जोरावर विषाणू पेशीचं दार गाठतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

वाचायला नमुना लागतो. सरांनी आपल्या शेपटीचं एक पीस उपटलं, आजारी पिल्लाच्या नाकात फिरवलं, पानावर टेकवलं आणि परत पंखाखाली खोचलं. मग दुसरी गुहा. मग तिसरी. पीस तेच. सगळीकडे एकच पद्धत हवी, असा सरांचा आग्रह होता.

सर येऊन गेले की आठवड्याभरात त्या गुहेत रोग येई. सर रोगाच्याही आधी पोचतात, याचं जंगलाला भारी कौतुक.

सातवी गुहा ओढ्यापलीकडे, रांजी कोळसुंदीची. मागच्या विणीतलं तिचं एकही पिल्लू जगलं नव्हतं. आता एकटा टिपरू होता. रोगाचं कळल्यापासून तिने त्याला ओढा ओलांडू दिला नव्हता.

एक दिवस सर आले.

"आमच्याकडे कुणी आजारी नाही, सर."

"म्हणून तर आलोय, बाई. निरोगी पिल्लू नसेल तर तुलना कशाशी करायची?"

"पीस धुतलंय ना?"

"मध्येच पद्धत बदलली तर अभ्यास बिघडतो," सर मायेने म्हणाले.

रांजीला पटलं नाही. पण एवढ्या शिकलेल्यापुढे बोलायचं कसं, म्हणून तिने टिपरूला पुढे केलं. पिसाने टिपरूला गुदगुल्या झाल्या. तो शिंकला आणि हसला.

दुसऱ्या दिवशी सर निकाल घेऊन आले. "तुमच्या पिल्लात विषाणू सापडला."

टिपरू तेव्हा स्वतःच्या शेपटीमागे धावत होता.

"अहो, तो तर खेळतोय."

"तुम्ही पिल्लाकडे बघताय, बाई. मी अक्षरांकडे बघतोय."

आठवड्याने टिपरूचे डोळे चिकटले. अंदाज बरोबर आला म्हणून सरांनी नोंद केली.

पुढे वडाखाली सभा भरली. सरांनी अहवाल वाचला. "सातही गुहांतली अक्षरं तंतोतंत सारखी आहेत. एका अक्षराचा फरक नाही. म्हणजे रोग एकाच वाटेने फिरला. ती वाट कोणती, हे मात्र कळत नाही."

टाळ्या झाल्या. रांजी पुढे आली. तिच्या तोंडात टिपरू होता. तिने त्याला हळूच खाली ठेवलं. तो हलला नाही.

"वाट तुमच्या पंखाखाली खोचलीय, सर," ती म्हणाली.

सरांनी पीस काढलं आणि बराच वेळ निरखलं.

"शक्यता विचार करण्यासारखी आहे," ते म्हणाले. "तपासून बघू."

मग ते खाली वाकले आणि त्यांनी टिपरूच्या नाकातून आणखी एक नमुना घेतला. त्याच पिसाने.

तात्पर्य: बाळांनो, पीस कधीही धुऊ नये. धुतलं असतं तर फार तर टिपरू जगला असता. पण मग सातव्या गुहेबद्दल सरांनी लिहायचं काय?