वन्संचे पाहुणे

लग्न होऊन रत्नागिरीत आले आणि आठवडाभरात गोठ्यातल्या गाईची गोचीड माझ्या दंडाला चिकटली. मी किंचाळले. माझ्या थोरल्या नणंदबाई धावत आल्या, त्या गोचीड बघायला.

"हलू नकोस! चावलेलं कळलं तरी का तुला? महिनोन्‌महिने उपाशी बसते गवताच्या पात्यावर, पाय पसरून. कुणी अंगाला घासून गेलं की धरलंच! मानलं हो हिला!"

मग चिमट्यानं हलकेच काढली आणि काडेपेटीत घालून शाळेत नेली.

वन्सं मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या प्रत्येक जिवाचा त्यांना कोण अभिमान! बरणीतल्या पट्टकृमीची ओळख तर त्या व्याह्यांची करून द्यावी तशी करून देत. "तोंड नाही, पोट नाही, तरी संसार केवढा!" कलमांवरची बांडगुळं छाटायला गडी चढला की खालून त्यांचं सुरू, "अरे, याचं बी इतकं चिकट की पाखराला चोच फांदीवर पुसावीच लागते. पुसली तिथंच ते रुजतं. मानलं हो!" गडी कोयती घेऊन ताटकळायचा. शेवटी हुकूम यायचा, "छाट आता. कौतुक वेगळं, आंबा वेगळा."

त्यांचा स्वतःचा डावा पाय हत्तीरोगानं खांबासारखा सुजलेला होता. लग्न त्यापायीच राहिलं, असं सासूबाई हळू आवाजात सांगत. वन्सं मात्र दरवर्षी त्या धड्याला वर्गात साडी घोट्यावर घेत आणि म्हणत, "हे बघा, माझ्याकडचे पाहुणे. कधीच मेले, पण घराची नासधूस करून गेले."

सत्त्याऐंशी साली नववीतली सुलभा एकाएकी शाळेत यायची थांबली. खाडीपलीकडची, वर्गात पहिली येणारी मुलगी. वन्संनी मला बरोबर घेतलं आणि एस्टीनं तिचं घर गाठलं.

"मुंबैस गेली मावशीकडं," तिची आई म्हणाली. दाराआड बांगड्या वाजल्या.

वन्सं ओटीवर बसल्या आणि साडी वर घेतली. "हेच ना?"

आई तोंडाला पदर लावून रडू लागली. "रगात तपासलान बाई, त्यात कायच नाय मिळाला. कोनीतरी करनी केलीन. आता शाळा कशाला नि काय!"

"तपासलं कधी?"

"सकाळच्याला."

"तिथंच चुकलं!" वन्सं एकदम खुलल्या. "अहो, या जंतांची पिल्लं दिवसा आत दडून बसतात. रात्रीच वर रक्तात येतात, कारण त्यांना नेणारा डास रात्री चावतो. घड्याळ दिलंय का कुणी त्यांना? मानलं हो!"

दाराआडून सुलभा हळूच बाहेर आली. पाऊल नुकतं सुजू लागलं होतं. वन्संनी ते मांडीवर घेतलं, बोटांच्या बेचक्या तपासल्या. "रोज धुवायचं, कोरडं करायचं. रक्त तपासायला मी घेऊन जाईन. गोळ्या आहेत यावर. मी तुझ्याएवढी असताना हे सांगणारं कुणी नव्हतं गो."

रात्रीच्या तपासणीत जंतांची पिल्लं सापडली. गोळ्यांनी तिला ताप आला, उलट्या झाल्या. वन्सं आठवडाभर खाडीपलीकडे जाऊन येत राहिल्या. सूज वाढायची थांबली. सुलभा शाळेत परतली ती पुन्हा पहिल्या बाकावर.

दहावीचा निकाल लागला तेव्हा ती पेढे घेऊन आली. आमच्या घरात वन्संना नमस्कार लांबूनच करायची पद्धत. वाकलं की त्या डावा पाय साडीत ओढून घेत. सुलभाला हे ठाऊक नव्हतं. तिनं सरळ त्या पायावर डोकं टेकलं.

वन्संनी पाय मागे घेतला नाही. त्यांचा हात तिच्या वेणीवर गेला आणि तिथंच राहिला.

"ऊठ गो," त्या म्हणाल्या, "चहा टाकते."

सुलभा उठली. वन्सं मात्र पाय तसाच पुढे ठेवून बसून राहिल्या. चहा मीच टाकला.