देवळीच्या भागाबाईंनी मजुरी सारखी केली ती हकिकत

शके अठराशे सत्याहत्तर, मन्मथनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, कसबे देवळी येथे बाया आणि गडी यांच्या मजुरीवरून जे रण माजले, ते जैसे घडले तैसे येथे लिहिले आहे. तिखटमीठ वाचणारांनी आपल्या घरचे घालावे.

पूर्वी या मुलखात कापसातली सरकी घरोघर हातरेच्यावर निघे, आणि सारेच गरीब, सबब कोणास कोणाचा हेवा नव्हता. मग जिनिंगाचे धुराडे उभे राहिले आणि माणसे उंचीने वेगळी झाली. मालक रूपरावजी माडीवर चढले, फिटर बंडूजी सायकलीवर चढले, मजूर गडी भुईवरच राहिले आणि मजूर बाया त्यांच्याही खाली गेल्या. कारण सरकी काढावयाचा रेचा तोच, त्यात घालावयाचा कापूस तोच, नाकातोंडात जाणारी धूळही तीच. परंतु बाईस मजुरी गड्याच्या निम्मी, ऐसा जिनिंगाचा दस्तूर.

भागाबाईंस हे फार सलत होते, कारण शेजारच्या रेच्यावर खासे यजमान सोनबाच होते. मग त्यांनी तमाम बायांशी मसलत केली, आणि एके सकाळी इंजिन सुरू होताच फौजेनिशी कापसाच्या ढिगाआड सावलीत ठाण मांडले. निम्मे रेचे थंडावले. गडी हसले; सोनबा सर्वांहून मोठ्याने हसले.

तिसऱ्या प्रहरी मालकांनी फर्माविले की, बायांचे म्हणणे न्यायाचे आहे, सबब आजपासून मजुरी सारखी. गड्यांनी बायांच्या दराने घ्यावी. ऐसी समता पाहून गड्यांचे हसणे थांबले. सोनबा तडक ढिगाआड आले आणि बोलिले, "काऊन व, तुह्यापायी माही मजुरी गेली ना."

भागाबाई म्हणाल्या, "गेली नाई जी. माह्या मजुरीले भेटाले आली. बसा आता इथंच."

उन्हात उभे राहून रागावणे कठीण, म्हणोन सोनबा बसले. मग त्यांचे जोडीदार गडी प्रेमदास बसले, आणि मग तमाम गडी बसले. इंजिन एकटेच धापा टाकीत राहिले. बाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग वर्धेच्या सडकेला लागली, आणि गाडीवान पुलगावच्या जिनिंगाच्या वाटेस बैल वळवू लागले, तेव्हा मालकांनी माडीवरून त्या बंड्या मोजल्या. ते खासे माडी उतरोन ढिगापाशी आले आणि तह केला की, बाई असो वा गडी, दर एकच, आणि तोही गड्यांचा जुना. मग ते माडीवर परत गेले. तेथवर ही मोहीम पोचली नाही.

शनिवारी दोघांच्या मुठी सारख्या भरल्या. घरी येताच सोनबांनी जाहीर केले की, आता घरखर्चही निम्मा-निम्मा. भागाबाई जात्यापाशी पाय पसरून बसल्या, आणि चुलीकडे बोट करून म्हणाल्या, "मंग हेही निम्मं. आज तुमची पाळी."

त्या सांजेस भाकर एका बाजूने कच्ची आणि दुसऱ्या बाजूने करपलेली निघाली. उभयतांनी ती अर्धी-अर्धी खाल्ली. येणेप्रमाणे देवळीची फत्ते पुरी झाली.