डोक्यावर पाहा जी

गुलाबभाऊंनी गाणेचोरांना धडा शिकवायचे ठरवले, आणि गावाने तो इतका नीट पाठ केला की भाऊंचीच पंचाईत झाली.

गाणे त्यांच्या बायकोचे होते. सत्यशीलाबाई अंगणात मोहफुले वाळत घालताना स्वतः जुळवलेले गाणे म्हणायच्या. त्यांच्या लेकीने, पिंकीने, ते एकदा गुपचूप मोबाइलवर घेतले. त्यात मध्येच आतून भाऊ ओरडतात, "अवो, माहा चष्मा कुठी ठेवला?" आणि बाई चाल न मोडता गाण्यातच उत्तर देतात, "डोक्यावर पाहा जी." पुढच्याच वर्षी बाई गेल्या. भाऊंची चष्मा हरवायची सवय मात्र राहिली. ते सवयीने विचारत, घर गप्प बसे, आणि मग त्यांना आठवे.

पिंकीने गाणे नेटवर टाकले आणि जुना मोबाइल देऊन नवा घेतला. नेटवरचे कधी हरवत नाही, असे ती म्हणाली.

हरवले नाहीच, चोरीला गेले. पोंभुर्ण्याच्या राजदीप डीजेने ते उचलले, खाली ढोल घातला आणि एका म्युझिक कंपनीकडे आपल्या नावाने नोंदवून टाकले. त्या उन्हाळ्यात त्या गाण्याशिवाय तालुक्यात वरात निघेना. भोंग्यातून भाऊंचा आवाज चष्मा विचारी आणि सगळे वऱ्हाड हात वर करून "डोक्यावर पाहा जी" ओरडे. भाऊंना भर रस्त्यात रडू आले. लोकांना वाटले, लेकीच्या लग्नाची काळजी असेल.

भाऊ पेटले. राजदीपच्या घरी ठाण मांडून त्यांनी त्याचा लॅपटॉप, पेनड्राइव्ह सगळे पुसायला लावले. मग ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून बजावले, की ज्याच्या मोबाइलात हे गाणे सापडेल त्याच्यावर कॉपीराइटची केस होईल. कॉपीराइट म्हणजे काय ते गावात कुणाला ठाऊक नव्हते, पण केस म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होते. सांजेपर्यंत गावाने मोबाइल धुऊनपुसून लख्ख केले.

एवढे झाल्यावर पिंकीने नेटवर तक्रार केली. तिथल्या यंत्राने दोन्ही गाणी ताडून पाहिली. नोंद कंपनीची होती, म्हणून भाऊंचेच गाणे चोरीचे ठरवून उडवले. पिंकी भांडली, तेव्हा वाद मिटेपर्यंत कंपनीचेही बंद केले. न्याय झाला आणि गाणे कुठेच उरले नाही.

आता भाऊ दारोदार फिरू लागले. कुणी चोरून ठेवले असेल तर सांगा, मी काही म्हणत नाही, अशी गयावया करू लागले. जो तो शपथ घेई. अंगणवाडीच्या दीपालीने तर मोबाइल उघडून दाखवला. "आमी तुमचा शब्द मोडून का भाऊ?" ती म्हणाली. इतके इमानदार गाव भाऊंना नको होते.

आणि खरे सांगायचे तर त्यांना भीती वाटू लागली होती. गाण्याचे शब्द आठवत, चाल आठवे, सत्यशीलेचे हलणारे ओठही दिसत. आवाज मात्र येत नव्हता. कुणाची इतकी आठवण यावी आणि नेमका आवाजच हातून सुटावा, याचे दुःख त्यांना सांगता येईना.

मोहाचे दिवस आले. वाघाच्या धाकाने लोक जंगलात मोठमोठ्याने बोलत, मोबाइलवर गाणी लावत फुले वेचतात. भाऊ शेजारच्या नीलाबाईसोबत गेले होते. ही सत्यशीलेची जन्मभराची जोडीदारीण. फुले वेचता वेचता नीलाबाईच्या ओच्यात फोन वाजला.

"अवो, माहा चष्मा कुठी ठेवला?"

"डोक्यावर पाहा जी."

भाऊंचा हात डोक्यावर गेला. चष्मा तिथेच होता.

नीलाबाईने घाबरून फोन बाहेर काढला. "केस नोका करू भाऊ. जंगलात वाजवाले रिंगटोनले ठेवलं होतं, फोन आला का तेवढंच वाजते. वाघाले कॉपीराइट थोडीच समजते?" मग खाली बघत म्हणाली, "अन् हे वाजलं का सत्यशीला संगं आहे असं वाटते मले."

"उचलू नोको बाई," भाऊ म्हणाले. "वाजू दे."

फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. ज्या ढोलाला भाऊंनी शिव्यांची लाखोली वाहिली होती, तोही आज गोड लागत होता. फुले तशीच पडून राहिली.

फोन नीलाबाईच्या मुलाचा, लोकेशचा होता. तो घुग्घुसच्या खाणीत कामाला. मोहाच्या दिवसांत जंगलात गेलेली आई फोन उचलत नाही, याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. त्याने शेजाऱ्यांना फोन लावले, तर सारे गाव मोहावर पांगलेले, आई कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. शेवटी ड्यूटी टाकून तो मोटारसायकलवर निघाला, वाटेत थांबून थांबून फोन लावत. जंगलात पोचला तेव्हा आई आणि गुलाबभाऊ एका झाडाखाली, मध्ये दगडावर फोन ठेवून, शांत बसले होते.

"काऊन उचलत नाई वं आई? मले वाटलं, वाघानं नेलं तुले," असे म्हणून तो मटकन खाली बसला. कोळशाने काळ्या झालेल्या गालांवर पाण्याचे ओघळ उमटले होते.

नीलाबाईने त्याला पोटाशी धरले. भाऊंनी पाण्याची बाटली दिली, पाठीवरून हात फिरवला, अगदी मनापासून माफी मागितली. त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत थांबले.

मग हळूच म्हणाले, "आता आलाच तं बाबू, त्या झाडामांगं जाऊन अजून एक खेप लाव."