जावई ड्युरवुड यांनी सुरी जिंकली त्याची हकीकत

वज्रचूडेमंडित सौभाग्यवती मार्लिसबाई हॅचर, मुक्काम नॉर्थ डकोटा प्रांत, यांनी सेवकास आज्ञा केली जे, आमचे यजमान ड्युरवुड यांनी आपले साडू लायल यांजशी गेल्या थँक्सगिव्हिंगचे सणास युद्ध करोन टर्की कापावयाची सुरी जिंकिली, त्याचे वर्तमान साद्यंत लिहावे, म्हणजे दरसाल जेवणापूर्वी वाचून दाखविता येईल. सेवकाचे घर त्यांचे शेजारी, मध्ये कुंपण नाही, आणि बाईंचे हातची भोपळ्याची पाय, म्हणजे गोड सारणाची भाजलेली पोळी, बहुत वर्षे खाल्लेली, सबब आज्ञा शिरसावंद्य. खाल्ल्या पायीस जागोन खरे तेच लिहितो. कोणाची भीड धरिली नाही, आणि धरावी ऐसा पराक्रमी पुरुष या हकीकतीत कोणी नव्हताही.

बाईंचे तीर्थरूप ऑर्व्हल लिंडग्रेन हे त्या मुलखीचे जुने जमीनदार, गहू आणि सूर्यफूल पिकविणारे, बोलणे मोजके, इतके की लग्नात जावयास "या" म्हणाले त्यानंतर दुसरा शब्द पुढील वर्षी. त्यांचे घरी शिंगाच्या मुठीची एक लांब सुरी, आजोबांनी नॉर्वेहून आणिलेली. सणाचे दिवशी भाजलेली टर्की त्याच सुरीने कापावी, ज्याचे हाती सुरी तो घरचा कर्ता, ऐसा शिरस्ता. परंतु म्हातारपणी ऑर्व्हल यांचे हातास कंप सुटला. पुत्र नाही, कन्या दोन, जावई दोन. जामात हा दशमग्रह म्हणोन शास्त्रात सांगितले आहे, आणि येथे तर दशमग्रहांची जोडी.

थोरले जावई लायल प्रोकॉप, टायरांचे दुकानदार, शरीरे धिप्पाड, पंजा सुपाएवढा. धाकटे जावई ड्युरवुड हॅचर, गारपिटीचा विमा विकणारे, शरीरे बेताचे, परंतु शस्त्रसंग्रहाचे बाबतीत साक्षात तोफखान्याचे सरदार. त्यांजपाशी पाच पिस्तुले, सर्व आखूड, सर्व चपटी, सदऱ्याखाली कमरेस लपावी ऐशी, चाप ओढला की रिकामे काडतूस आपोआप फेकोन नवे भरून घेणारी. ड्युरवुड चर्चमध्ये जावयाचे तरी एक कमरेस, दूध आणावयास जावयाचे तरी एक कमरेस. त्या गावी घरांना कुलपे नाहीत, मोटारींच्या किल्ल्या मोटारींतच, आणि शेवटची चोरी कोणती म्हणाल तर कोणी रात्री येऊन आपल्या मळ्यातील जास्तीच्या काकड्या दुसऱ्याचे मोटारीत टाकून गेला. ऐशा मुलखात शत्रू तो कोण, ऐसे सेवकाने एकदा पुसिले, तेव्हा ड्युरवुड यांनी डोळे बारीक करोन क्षितिजाकडे पाहिले. क्षितिजावर सूर्यफुले होती.

या दोघां साडूंमध्ये पिस्तुलांवरोन वैर. लायल यांनी आपले पिस्तूल तराजूत घालोन सांगावे की तुमच्याहून दोन तोळे हलके, मग ड्युरवुड यांनी सांगावे की हलके खरे, परंतु तुमच्यात गोळ्या कमी, आणि मूठ इतकी तोकडी की करंगळी बाहेर लोंबते. मग लायल यांनी म्हणावे की करंगळी लोंबली तरी चालेल, तुमचे पोट लोंबते त्याचे काय. मग नळी कोणाची किती आखूड, चाप कोणाचा किती मऊ, अंधारात नेमाचा ठिपका कोणाचा किती हिरवा, यावर फोनवरोन खलबते, आणि या सर्व काळात दोघांनीही मिळोन गोळ्या किती झाडल्या म्हणाल तर न झाडल्यासारख्याच, कारण झाडिल्याने पिस्तूल मळते.

ड्युरवुड यांची खरी कीर्ती निगेची. दर रविवारी प्रार्थनेहून आल्यावर जेवणाचे मेजावर जुनी चादर अंथरावी, पाचही पिस्तुले खोलावी, नळ्यांतून ब्रश फिरवावा, चिंध्या ओढाव्या आणि मग तेल. तेल म्हणजे काय सांगावे. लोक थेंब घालतात, हे अभ्यंग घालीत. बाई आपले ताट ठेवावयास मेज मागत, तेव्हा यजमान आज्ञा करीत की स्वयंपाकघरात उभ्याने खावे, येथे काम चालू आहे.

ऐसे असता सप्टेंबर मासी, गहू कापून झाल्यावर, ऑर्व्हल स्वतः गाडी हाकीत ड्युरवुड यांचे दारी आले, आणि कापडात गुंडाळलेली सुरी त्यांचे हाती दिली.

"हिला धार लाव," म्हणाले. "तुझ्याकडे सगळं सामान आहे. सणापर्यंत."

इतके बोलोन कॉफीदेखील न घेता गेले. ड्युरवुड यांनी सुरी खणात ठेविली. तेच आठवड्यात दुकानात सहावे पिस्तूल पाहण्यात आले, मग पाचांची सहाव्याशी तुलना करणे प्राप्त, आणि सुरी खणात. ऑक्टोबर गेला. मार्लिसबाई आठवण करीत.

"अरे, बाबांची सुरी."

"होईल गं. ते काय काम आहे का?"

"काम नाही तर करून टाक ना."

"मार्लिस, मी शस्त्रांची निगा राखतो. मला सुरीचं शिकवू नकोस."

नोव्हेंबर लागला, बर्फ पडला, आणि लायल यांनी पुकारा केला की सासरेबुवांचा हात चालत नाही, मी थोरला जावई, यंदापासून टर्की मी कापणार. ड्युरवुड यांचे अंगाची आग जाहली. येथे खरे लिहिणे प्राप्त, की या माणसास त्या सुरीची मनापासोन भूक होती. त्यांचे वडील लहानपणीच घर सोडोन गेले, कोणी कर्ता पुरुष त्यांना आपला म्हणाला नाही, आणि ऑर्व्हल यांनी एकदा तरी भरल्या मेजापुढे आपल्याकडे पाहून मान डोलवावी, एवढ्यासाठी ते झुरत. ऐसा माणूस सुरी खणात विसरतो, यास सेवक काय करणार. दोघांनी ठराव केला की जेवणापूर्वी सासरेबुवांचे कोठाराचे मागे पिस्तुलांची परीक्षा व्हावी, जो अधिक डबे पाडील त्याने टर्की कापावी. ऑर्व्हल यांस विचारिता ते ड्युरवुड यांकडे बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा," आणि खिडकीकडे वळले.

सणाचे आदले दिवशी ड्युरवुड यांस सुरी आठवली. दगडावर घासावयास बसावे तर पिस्तूल सज्ज करावयाचे राहील, म्हणोन त्यांनी दोहोंस एकच उपचार केला. पिस्तुलास तेल पाजिले, आणि त्याच बाटलीतील तेल सुरीस चोपडोन मऊ फडक्याने ऐसी चमकविली की मिशी पाहून घ्यावी. धार जैसी होती तैसी, म्हणजे नव्हती. परंतु चकाकी पाहोन ड्युरवुड स्वतःच फसले, आणि जो आपल्या चकाकीस फसला त्यास बाहेरचा शत्रू कशास पाहिजे.

सणाचे दिवशी हाड गोठेल ऐसी थंडी. गवताच्या गंजीपुढे फळीवर मक्याचे आणि घेवड्याचे रिकामे डबे मांडिले. ऑर्व्हल पंच, ते गाडीत हीटर लावोन बसले, काच बोटभर खाली. सेवकासही जेवणाचे आमंत्रण होते, तो कोठाराचे आडोशास.

प्रथम लायल पुढे सरले. पिस्तूल त्यांचे मुठीत ऐसे नाहीसे जाहले की माणूस नुसता बोट रोखून उभा आहे असे वाटावे. नेम धरिला, मूठ आवळिली, आणि आंगठा मुठीवरील खटक्यावर दाबला जाऊन मॅगझिन म्हणोन जे गोळ्यांचे खोके ते गोळ्यांसकट बर्फात पडले. नळीत एक गोळी होती ती सुटली, आणि सूर्यफुलांच्या वाळल्या शेताचे दिशेने कोठे गेली ते परमेश्वर जाणे. लायल गुडघ्यांवर बसोन बर्फ उकरू लागले.

"थोरले, ते मुलांच्या मापाचं घेतलंत वाटतं," ड्युरवुड म्हणाले.

"तू गप. तुझ्याकडे बघून डबे हसतील."

मॅगझिन सापडले ते बर्फाने भरलेले. फुंकोन, झटकोन परत बसविले, पुन्हा आंगठा, पुन्हा बर्फात. तिसरे खेपेस खटका वाचला तो गोळी नळीचे तोंडाशी तिरपी अडकली, बर्फ आत वितळोन पुन्हा गोठला होता. लायल यांनी पिस्तूल खिशात घातले, दुखावलेला आंगठा तोंडात घातला, आणि सांगितले की हवामान प्रतिकूल.

मग ड्युरवुड. पाय फाकले, श्वास रोखिला, चाप ओढिला. पहिली गोळी डब्यांवरोन गेली. गोळी सुटताच वरची स्लाइड, म्हणजे नळीवरील सरकती पट्टी, मागे जाऊन झटक्यात पुढे यावी, हाच या पिस्तुलांचा सारा डौल. परंतु इतक्या तेलाचे थंडीत मेण जाहले होते. स्लाइड मागे गेली, आणि मग पुढे येऊ लागली ती जेवून उठलेल्या म्हाताऱ्याच्या चालीने, आणि अर्ध्यात थांबली. त्या मुलखी ट्रॅक्टर चालविणारे पोरही थंडीत तेल पातळ वापरते. ड्युरवुड यांनी आंगठ्याने ढकलोन स्लाइड पुढे केली, गोळी झाडिली, पुन्हा ढकलिली, पुन्हा झाडिली. आपोआप भरणारे म्हणोन घेतलेले पिस्तूल हाताने ढकलीत ढकलीत त्यांनी सारे मॅगझिन संपवीत आणिले. गंजीचे बहुत नुकसान जाहले. डबे उभेच.

शेवटची गोळी सुटली, आणि त्याच वेळी वाराही सुटला, आणि कडेचा घेवड्याचा डबा डुलला, विचार केला, आणि पडला.

"वाऱ्याने," लायल ओरडले.

"गोळीने. बघ, भोक असेल."

दोघे डब्याकडे निघाले तो गाडीचा भोंगा वाजला, आणि बोटभर फटीतून हुकूम आला.

"पडला म्हणजे पडला. जेवायला चला, बटाटे निवतायत."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. ड्युरवुड घरात शिरले ते छाती काढोन. मेजावर टर्की, कुस्करलेले बटाटे, बटाट्याची मऊ पोळी म्हणजे लेफ्से, क्रॅनबेरीची लालभडक चटणी, सर्व सिद्ध. मग ड्युरवुड यांनी गुंडाळी सोडिली, सुरी उंच धरिली, आणि दिव्याचे उजेडात ती ऐसी लखलखली की सासूबाई अर्लीन यांनी हात जोडिले. सुरी टर्कीवर ठेविली आणि ओढिली. कातडे दबले, कापले नाही. जोर केला तो टर्की ताटावरोन घसरली आणि तिने रश्श्याचे भांडे गाठिले. ड्युरवुड यांनी तिला तंगडीकडोन धरिले, करवतीने खांब कापावा तैसे खसाखसा घासिले, आणि अखेर मांसाचा एक फाटका लचका निघाला. तो शिरस्त्याप्रमाणे प्रथम ऑर्व्हल यांस वाढिला.

ऑर्व्हल यांनी घास घेतला. चावला. थांबले. मेजावर पिस्तुलाच्या तेलाचा वास हलकेच पसरत होता.

"छान," ते म्हणाले. "घशात अडकायची भीती नाही. तेल दिलंयस."

लायल आंगठा तोंडात ठेवूनच हसले. ड्युरवुड यांचा चेहरा क्रॅनबेरीसारखा जाहला. मग ऑर्व्हल उठले, थरथरत्या हाताने सुरी जावयाचे हातून काढोन घेतली, आणि मेजाला वळसा घालोन मार्लिसबाईंचे पुढे ठेविली.

"हिला धार लाव."

"हो, बाबा."

बाईंनी टर्की आत नेली, ओट्यावर बाह्या सारोन हातांनी सोडवली, आणि आणोन वाढिली. ड्युरवुड मागोमाग आत गेले होते. दार उघडे होते, सेवक पाणी घ्यावयास उठला होता, म्हणोन पुढील भाषण कानी आले.

"मी जिंकलो होतो, मार्लिस. डबा पडला होता."

"तुला जिंकायचं काय होतं रे? बाबांनी सप्टेंबरमध्येच सुरी तुझ्या हातात दिली होती. लायलच्या नाही. तुझ्या."

ड्युरवुड तेलकट हात बराच वेळ नळाखाली धरोन उभे राहिले, आणि सेवकास त्यांची प्रथमच दया आली, परंतु फार नाही.

सारांश, साडू लायल यांचा मोड जाहला, मैदान ड्युरवुड यांचे हाती आले, आणि युद्धाची लूट म्हणोन घेवड्याचा एक डबा त्यांचे कपाटात पाच पिस्तुलांचे शेजारी मांडिला आहे. त्यास भोक नाही. सुरी मार्लिसबाईंपाशी असोन तिला उत्तम धार आहे, दगड त्यांनी स्वतः आणिला. फत्ते ड्युरवुड यांची, येणेप्रमाणे दफ्तरी दाखल केली असे.