मुक्काम पोस्ट पाली

"पिशवी नसेल तर मी पोस्टमन नाही, आजोबा. नुसता खाकी शर्ट घातलेली मुलगी आहे," सईने पुन्हा एकदा बजावलं.

उद्या सकाळी आठ वाजता तिच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा होती आणि आनंदराव तिची खाकी पिशवी खांद्याला अडकवून दिवसभरासाठी निघाले होते. पिशवी खरं तर त्यांचीच. भोरच्या पोस्टातून ते निवृत्त झाले तेव्हा एका पोस्टमनने त्यांना ती प्रेमाने दिली होती. पाण्याच्या बाटल्या, स्वेटर, डबा आणि पत्नी मालिनीबाईंच्या सगळ्या सूचना मावतील अशी घरात तेवढी एकच पिशवी होती. संध्याकाळी सातच्या आत परत, असा शब्द देऊन आनंदराव उंबऱ्याबाहेर पडले.

सहलीचं निमित्तही पोस्टाचंच होतं. जन्मभर त्यांनी खिडकीआड बसून टपालावर शिक्के मारले. मु. पो. भोंगवली, मु. पो. गुंजवणे, मु. पो. पाली. गावं सगळी तोंडपाठ, पण पाहिलेलं एकही नाही. "तुला पत्ते येतात, रस्ते येत नाहीत," असं त्यांचे शाळूसोबती मानसिंगराव त्यांना नेहमी चिडवत. शेवटी एक दिवस ठरवून दोघं पालीला निघाले. फाट्यापर्यंत एसटी आणि पुढे जीप असं करत ते राजगडाच्या पायथ्याशी पोचले. या गुडघ्यांनी गड चढायचा प्रश्नच नव्हता. गड खालूनच छान दिसतो, यावर दोघांचं एकमत झालं.

पायथ्याशी ठकुबाईंचं चहाचं छप्पर होतं. गडावर जाणारी पोरं तिथे पिठलं-भाकरी सांगून ठेवत. आनंदरावांनी टेकताक्षणी परतीची चौकशी केली.

"हाय की गाडी," ठकुबाई चुलीत फुंकर मारत म्हणाल्या. "सांजच्याला येती भोरवरनं. मुक्कामाची हाय."

आनंदराव निर्धास्त झाले. मानसिंगरावांच्या कपाळावर मात्र आठी दिसली.

"मुक्कामाची म्हणजे रे?"

"अरे, साधं आहे. पत्त्यावर काय लिहितो आपण? मुक्काम पोस्ट भोर. मुक्काम म्हणजे जिथं पोचायचं ते ठिकाण. थेट भोरला जाणारी गाडी. मध्ये बदलायची नाही."

"तुला नक्की माहीत आहे?"

"पोस्टात तू होतास का मी?"

मानसिंगराव तहसील कचेरीतले. त्यांचा जन्म सरकारी जीपमध्ये गेला होता, त्यामुळे एसटीची भाषा त्यांनाही परकीच. त्यांनी चहा मागवला.

दिवस मग फार सुखात गेला. दोघांनी देवळाच्या ओट्यावर डबा खाल्ला, खळ्यावरचं भात पाहिलं, नव्या तांदळाचा वास घेतला. दुपारी गडावरून उतरलेल्या पुण्याच्या मंडळींनी नसरापूरपर्यंत सोडण्याची तयारी दाखवली. आनंदरावांनी त्यांना नम्रपणे सांगितलं, की आमची मुक्कामाची गाडी आहे. थोड्या वेळाने दुधाचा टेम्पो निघाला. तो थेट भोरलाच चालला होता आणि पुढे दोघांपुरती जागाही होती. आनंदरावांनी त्यालाही तेच सांगितलं.

"मंग निवांत या सकाळच्याला," असं म्हणत टेम्पोवाला निघून गेला. त्यातलं 'सकाळच्याला' इंजिनाच्या आवाजात विरलं.

ऊन कललं तसं ठकुबाईंनी विचारलं, "रातीला भात टाकू का भाकरी थापू?"

"बघा, खेड्यातली माणसं किती अगत्याची असतात," आनंदराव मित्राला हळूच म्हणाले. मग मोठ्याने त्यांनी सांगितलं, की काही नको, घरी जाऊन जेवू. ठकुबाईंनी दोघांकडे जरा चमकून पाहिलं. शहरगावची माणसं, काहीही बोलतात, असा तो चेहरा होता.

अंधार पडता पडता गाडी आली. माणसं उतरली, गाडी रिकामी झाली. दोघं घाईने चढले आणि खिडकीजवळची चांगली जागा धरून बसले. आनंदरावांनी पिशवी मांडीवर घेतली. ड्रायव्हर उतरून हातपाय धुवायला गेला. कंडक्टर हनुमंत मागच्या लांब सीटवर सतरंजी अंथरू लागला. मग त्याने बूट काढले. मग उशी काढली.

उशी पाहून मानसिंगरावांनी आनंदरावांना कोपर मारलं.

"मास्तर," आनंदरावांनी विचारलं, "गाडी कधी सुटणार?"

"साडेपाचला."

"पण साडेपाच तर केव्हाच वाजून गेले."

"सकाळचं, आजोबा. मुक्कामाची गाडी हाय ही. आमी हितंच झोपतो."

आनंदरावांनी मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. मानसिंगराव म्हणाले, "घ्या. टपाल गहाळ."

फोनला रेंज फक्त देवळाच्या ओट्यावर होती. तिथून आनंदरावांनी घरी फोन करून सगळं सांगितलं. मालिनीबाईंनी फोन सरळ सईच्या हातात दिला.

"आजोबा, टपाल उशिरा पोचलं तर काय करतात?"

"पोचवतात, बाळा. उशीर झाला तरी पोचवतात."

"माझं आठलाच आहे," सई म्हणाली. तिचा आवाज जरा ओला वाटला, आणि आनंदरावांना ठकुबाईंची भाकरी गोड लागेना. ठकुबाईंनी मात्र भाकऱ्या आधीच थापून ठेवल्या होत्या आणि ओसरीवर दोन वाकळाही घातल्या होत्या. पाहुण्यांना नसलं तरी त्यांना सगळं माहीत होतं.

पहाटे गाडी वेळेवर सुरू झाली आणि गावाबाहेर थांबली. वरच्या वाडीतल्या सगुणाबाई बाजाराला यायच्या होत्या. त्या लांबवर बांधावरून चालताना दिसत होत्या.

"अहो, आठला माझ्या नातीची स्पर्धा आहे," आनंदराव काकुळतीला आले.

"आन त्यांचा बाजार हाय," हनुमंत शांतपणे म्हणाला. "काल तुमच्यासाटी थांबली व्हती का न्हाई गाडी? रातभर."

सगुणाबाई चढल्या, गाडी हलली. भोरला उतरल्यावर दोघं म्हातारे रिक्षा करून शाळेच्या फाटकाशी पोचले. मालिनीबाईंनी पिशवी हिसकावून घेतली, सईने आपली चार पत्रं तिच्यात कोंबली आणि ती रंगमंचाकडे पळाली.

नाव पुकारलं गेलं. सई एका खांद्याने पार वाकून, धापा टाकत आली. 'काय अभिनय आहे,' असं वर्गाच्या बाई शेजारच्या बाईंना म्हणाल्या. आनंदरावांना मात्र शंका आली. पहाटे निघण्याआधी ते दात घासत होते, तेव्हा ठकुबाई पिशवीपाशी काही करत होत्या. 'वानवळा हाय घरचा,' असंही काहीतरी म्हणाल्या होत्या. घाईत पिशवीचं वजन त्यांना जाणवलंच नव्हतं.

"पोस्टमन!" सई ओरडली. तिने पत्रासाठी पिशवीत हात घातला आणि बाहेर काढला भला मोठा दुधी भोपळा.

सभागृहातल्या माना उंचावल्या. सईने भोपळ्याकडे पाहिलं. भोपळा काही बोलला नाही. तेवढ्यात तिला पहिल्या रांगेत आजोबांचा पांढराफटक चेहरा दिसला.

"मुक्काम पोस्ट पालीहून पार्सल आलंय," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "जड आहे, म्हणून उशीर झाला. सही करा."

टाळ्या थांबेनात. आनंदरावही टाळ्या वाजवू लागले. मानसिंगरावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "पोचलं रे टपाल."

घरी जाताना बक्षिसाची कंपासपेटी सईच्या हातात होती आणि भोपळा आजोबांच्या.

"आजोबा, मुक्काम म्हणजे काय हो?"

आनंदरावांनी भोपळा दुसऱ्या हातात घेतला. चुकीचा अर्थ मुलांना सांगायचा नाही, हा त्यांचा नियम होता.

"जिथून सकाळी साडेपाचला पहिली गाडी सुटते," ते म्हणाले, "त्याला मुक्काम म्हणतात."