प्रभुणेसाहेबांची गाडी बसते

रोज सकाळी सात वाजता विंग कमांडर प्रभुणे आपल्या पान्यांची हजेरी घेतात. पाने म्हणजे नट फिरवायचे. गॅरेजच्या भिंतीवर एक दरवाजाएवढी फळी आहे. प्रत्येक हत्याराची आकृती तिच्यावर काळ्या रंगाने काढलेली आहे आणि ज्याच्या त्याच्या आकृतीवर जे ते हत्यार टांगलेलं असतं. काळा रंग उघडा दिसला की ते हत्यार गैरहजर. साहेब फळीसमोर ताठ उभे राहतात आणि कवायतीच्या आवाजात पुकारतात, "आठ नंबर!"

स्वयंपाकघरातून पोहे परतता परतता वहिनी ओरडतात, "हजर!"

"दहा नंबर!"

"हजर!"

"पक्कड!"

"हजर हो! आणि पोहेपण हजर आहेत, निवायला लागलेत!"

चंदीगडच्या आमच्या सेक्टरात सूर्य या हजेरीनंतर उगवतो. पूर्वी आधी उगवायचा, पण एकदा साहेबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. मूळचा सांगलीचा, इथं विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवतो. साहेब वाईचे. सगळी नोकरी हवाई दलात विमानं दुरुस्त करण्यात गेली, शेवटची बदली इथली, आणि निवृत्त झाल्यावर इथंच घर करून राहिले. आता वय बहात्तर. विमानं सरकारने काढून घेतली, पण हात कुठं ठेवायचे ते सांगितलं नाही. तेव्हा साहेबांनी पंचकुल्याच्या एका बिल्डरकडून एक जुनी जर्मन गाडी घेतली.

गाडी काळी, आडव्या अंगाची, लग्नातल्या व्याह्यासारखी. नवी होती तेव्हा तिच्यातून मंत्री फिरत असतील. आमच्याकडे आली तेव्हा तिला बोनेटखालचे सगळे आजार होते, आणि जे नव्हते ते तिने इथं येऊन जोडले. एका मे महिन्यात तिच्या सीटमधली थंडीत ऊब देणारी शेगडी आपोआप पेटली आणि विझेना. मी त्या सीटवर होतो. अजूनही मी वर्गात खुर्चीवर जरा कडेनेच बसतो. डावा इंडिकेटर लावला की मागचा वायपर हलतो. समोरच्या पट्टीवर एका वेळी इतके दिवे लागतात, की दिवाळीत साहेबांनी आकाशकंदील लावायचं सोडून दिलंय.

पण तिचा मुख्य आजार म्हणजे ती बसते. इतर गाड्या बंद पडतात, ही बसते. तिला लोखंडी स्प्रिंगा नाहीत, चारी चाकांवर हवेने फुगणाऱ्या रबरी पिशव्या आहेत. बटण दाबलं की गाडी वर उठते, दाबलं की खाली येते. असं जर्मनीत. आमच्याकडे कुठूनतरी हवा सुटते आणि सकाळी बघावं तर गाडीचा एक कोपरा जमिनीला टेकलेला, जणू म्हैस रस्त्यात बसलीय आणि कुणाच्या बापाला उठणार नाही.

साहेबांचं एक ठरलेलं वाक्य आहे : "दोष कळलाय, जागा कळायचीय." दीड वर्ष मी हे वाक्य ऐकतोय. हवा कुठून जाते हे शोधायला त्यांनी गाडीखाली आडवं पडून नळ्यांना साबणाचा फेस फासायचा आणि मी बाजूला टॉर्च धरून बुडबुडा आला का ते बघायचं. माझी डॉक्टरेट साबणाच्या रसायनावरच आहे, त्यामुळे मला सुटका नाही. आमच्या फेसामुळे गल्लीतल्या नाल्या जितक्या स्वच्छ झाल्या तितक्या महापालिकेला कधी जमल्या नाहीत.

एकदा कंटाळून मी इंडस्ट्रियल एरियातल्या बलविंदर मिस्त्रींना घरी घेऊन आलो. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, कान लावून ऐकलं, पगडी सारखी केली आणि म्हणाले, "सरजी, एहनूं हुण मिस्त्री दी नहीं, अरदास दी लोड़ है." मिस्त्रीची नाही, प्रार्थनेची गरज आहे!

साहेब थंडपणे म्हणाले, "नेगेटिव्ह. दोष कळलाय, जागा कळायचीय."

बलविंदर चहा घेऊन गेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रोफेसर साब, आप किराये का दूसरा घर देख लो यार."

एवढा आटापिटा कशासाठी, हे साहेबांनी कधी लपवलं नाही. "हिला बाहेर न्यायचंय." वहिनींच्या खुब्याचं हाड दोन वर्षांपूर्वी मोडलं, ऑपरेशन झालं. घरात त्या वॉकर घेऊन झपाझप फिरतात, आचाऱ्यासारखा स्वयंपाक करतात, पण फाटकाबाहेर पाऊल टाकत नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला नाहीत, हळदीकुंकवाला नाहीत. मी किती वेळा म्हटलं, "वहिनी, माझी गाडी आहे की, नवी कोरी आहे, चला." त्या हसून म्हणायच्या, "नको बाई." आणि साहेब वर बघून म्हणायचे, "तुमची नको, प्रोफेसर. हीच." मला वाटायचं, हा जुना माणूस हट्टाला पेटलाय. नवराबायको दोघांनी मिळून एका भंगारापायी स्वतःला कोंडून घेतलंय, आणि त्यात मला टॉर्च धरायला ठेवलंय.

या वर्षी गाडीला पंधरा वर्षं झाली. म्हणजे आरटीओच्या तपासणीत पास झाली तर पुढचे कागद, नाहीतर रस्त्यावर आणायची नाही. तपासणीच्या पहिल्या तारखेला ती घरातच बसली. दुसऱ्या तारखेला सेक्टर त्रेचाळीसच्या बसअड्ड्यासमोर बसली, आणि शिमल्याच्या बसमधल्या प्रवाशांनी खिडकीतून तिचे फोटो काढले. त्या दिवशी साहेब चार तास उन्हात तिच्याखाली पडून होते. घरी आले तेव्हा ओठ पांढरे पडले होते. वहिनींनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आता तिसरी तारीख शेवटची. या वेळी नाही झालं तर सोमवारी क्रेनवाल्याला बोलवून ती भंगारात द्यायची. माझ्यासाठी तुम्ही त्या गाडीखाली मरायचं नाही. शब्द द्या."

साहेबांनी शब्द दिला. हवाई दलातला माणूस, शब्द दिला म्हणजे दिला.

तिसरी तारीख गुरुवारची, अकरा वाजताची. आणि काय सांगू, मंगळवारी बुडबुडा आला! पुढच्या डाव्या बाजूला, एका सांध्यात, मोहरीएवढा. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की समोरच्या बंगल्यातल्या आजींनी "वाहेगुरू" म्हणून दार लावून घेतलं. बुधवारी दिवसभर आम्ही ती बाजू उघडली, सांधा बदलला, बंद केली. संध्याकाळी बटण दाबलं. गाडी उठली. अगदी सावकाश, सगळ्या बाजूंनी सारखी, एखादी मानी बाई उठते तशी. गुरुवारी सकाळी बघितलं, तर उभी! बारा तास उभी! मला रडू आलं. मी ते फेसाचं आहे म्हणून सांगितलं.

सात वाजता हजेरी सुरू झाली.

"आठ नंबर!"

"हजर!"

"दहा नंबर!"

आतून "हजर!" आलं, पण साहेब पुढं सरकले नाहीत. फळीवर दहा नंबरची काळी आकृती उघडी होती.

"दहा नंबर गैरहजर," साहेब म्हणाले. आवाज बदलला होता.

मी म्हटलं, "असेल इथंच कुठं. अकराला पोचायचंय साहेब, आल्यावर बघू. नाहीतर मी नवा आणून देतो."

"प्रश्न पाना कुठून आणायचा हा नाही. तो कुठं आहे हा आहे." त्यांनी बाह्या वर केल्या. "एक पाना कमी असेल तर विमान उडत नाही. तो विमानातच राहिलाय असं धरायचं. उघडा."

"साहेब, हे विमान नाही!"

"उघडा."

उघडलं. कालचं सगळं उघडलं. चाक काढलं, आवरण काढलं, सांधा बाजूला केला. नऊ वाजले. मी हात जोडले. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. दहा वाजले. साहेबांनी हाताने चाचपून, मग आरशाने, मग लोहचुंबक दोरीला बांधून आत सोडून बघितलं. दोन खिळे आणि पंचकुल्याच्या बिल्डरची एक जुनी चावी निघाली. अकरा वाजले. मी घड्याळ बघितलं, साहेबांनी बघितलं नाही. तीन वाजता गॅरेजच्या जमिनीवर गाडी इतकी पसरली होती, की जर्मनीतून तिची आई आली असती तरी ओळखली नसती. दहा नंबर मिळाला नाही. तपासणीची तारीख गेली.

चारच्या सुमाराला मी वर निघालो. मान खाली घालून, मनातल्या मनात साहेबांना नको त्या शिव्या देत. दूध आणायचं म्हणून जिन्याखालच्या माझ्या स्कूटरची डिकी उघडली.

आत दहा नंबर होता.

बुधवारी सकाळी हजेरी झाल्यावर माझ्या स्कूटरचा सैल आरसा आवळायला मीच तो नेला होता. एका मिनिटाचं काम. मग सांधा बदलायला साहेबांनी हाक मारली, आणि दिवसभर आम्ही बारा नि तेरा नंबर वापरत राहिलो.

सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात काय काय आलं. पाना सुखना तलावात टाकावा. स्वतःही तलावात जावं. बदली मागून घ्यावी. शेवटी पाना मुठीत धरून परत गॅरेजपाशी आलो. साहेब पायरीवर बसले होते, हात काळे, पाय लांब केलेले.

"साहेब," मी मूठ उघडली, "माझ्या स्कूटरच्या डिकीत होता."

त्यांनी वाकून पान्यावरचा नंबर वाचला. मी कोर्ट मार्शलची वाट बघत होतो.

"म्हणजे गाडीत नव्हता," ते म्हणाले.

"नाही."

"नक्की?"

"हा काय, माझ्या हातात आहे."

त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि चेहरा दोन्ही काळ्या हातांनी पुसला. "बरं झालं. मी सकाळपासून घाबरलो होतो हो. तिच्या बाजूचं काम होतं ना. पाना आत राहिला असता, नळी फाडली असती, तर चालत्या गाडीत ती बाजू एकदम खाली आली असती. तिचा खुबा..."

मला राहवलं नाही. "साहेब, मी दोन वर्षं म्हणतोय, माझ्या गाडीतून नेऊ. काय बिघडलं असतं?"

साहेबांनी आत बघितलं. वहिनी लांब आहेत याची खात्री केली आणि आवाज उतरवून म्हणाले, "ऑपरेशननंतर तिला दाखवायला गेलो होतो. परत येताना टॅक्सी. तिला खाली वाकून बसता येईना. ड्रायव्हर भला माणूस. 'माताजी, मैं बिठा देता हूँ' म्हणाला आणि सरळ उचललं तिला. दोन्ही हातांवर, लहान मुलाला उचलतात तसं. हॉस्पिटलच्या फाटकात, सगळ्या लोकांसमोर. ती त्याला थँक्यू म्हणाली. घरी येऊन बाहेरच्या चपला खोक्यात भरल्या आणि मला म्हणाली, माळ्यावर टाका."

मग म्हणाले, "मी टेप घेऊन मोजलंय, प्रोफेसर. तुमची गाडी बुटकी. जीप उंच. सीट बरोबर पंचवीस इंचावर आली तर ती आपली आपण बसू शकते, कुणाच्या हाताशिवाय. पंचवीस इंचावर आणता येते अशी ही एकच गाडी मला मिळाली."

मला आठवलं, पार्किंगमध्ये परक्यांच्या गाड्यांची दारं उघडायला लावून साहेब टेपने सीट मोजायचे. आम्ही मंडळात त्यावर केवढे हसलो होतो. सगळ्यात मोठ्याने मी.

शुक्रवारी आणि शनिवारी आम्ही गाडी परत जोडली. कशासाठी, ते मी विचारलं नाही. कागद संपले होते, शब्द दिलेला होता, क्रेनवाल्याला फोन झाला होता. रविवारी दुपारी साहेबांनी गाडी चालू केली, रस्त्याकडे तोंड करून उभी केली, बटण दाबून पंचवीस इंचावर आणली. टेपने मोजलं. मग डावं दार उघडून ठेवलं आणि चांगली दहा पावलं लांब जाऊन, हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"अगं, येतेस?"

वहिनी वॉकर टेकत आल्या. पाठमोऱ्या झाल्या. हाताने सीट चाचपली आणि बसल्या. मग एक पाय आत घेतला. बराच वेळ घेऊन दुसरा घेतला. साहेबांची बोटं पाठीमागे एकमेकांत घट्ट रुतली होती. वहिनींनी दार स्वतः ओढून लावलं.

साहेब वळसा घालून आले आणि स्टिअरिंगपुढे बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. गाडी जागेवरच घुरघुरत होती.

मी जिन्यात उभा होतो. काच खाली होती, सगळं ऐकू येत होतं.

"काय दिसतंय?" साहेबांनी विचारलं.

"तुमची कंपाउंडची भिंत," वहिनी म्हणाल्या. "जरा वर घ्या की."

साहेबांनी बटण दाबलं. गाडी हळूहळू वर उचलली गेली. भिंतीपलीकडे आमच्या सेक्टरातला रस्ता होता, पलीकडे बाग. बागेत कुणी पतंग उडवत होतं, एक सरदारजी बाकावर पेपर वाचत होते, एक बाई भाजी घेऊन चालली होती. दोन वर्षांत वहिनींनी हे असं गाडीत बसून बघितलं नव्हतं.

"अजून?" साहेबांनी विचारलं.

"नको," वहिनी म्हणाल्या. "एवढंच राहू दे थोडा वेळ."