सदानंदरावांची चार मिनिटं

माणिकपूरच्या वाचनालयातला कॉम्प्युटर सोमवारी जळाला आणि त्याच्यासोबत नऊ हजार पुस्तकांची यादी गेली. ती सदानंदरावांनी निवृत्तीनंतर दोन वर्षं बसून, दोन बोटांनी टाइप केली होती. वाचनालय बंद करताना ते कुलूप तीनदा ओढून बघत. ग्रंथपाल हिल्डाबाईंची बस त्यात चुकायची. सदानंदराव वारून सव्वा महिना झाला होता. मागे एक बॅकअपची टेप उरली होती. त्यांची मुलगी सुमेधा ती रुमालात गुंडाळून घेऊन आली.

"जुनी कार्डं असतील ना?" एव्हरशाईन वसाहतीतून आलेल्या परेशने विचारलं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तोच.

"रद्दीत घातली," हिल्डाबाई हळूच म्हणाल्या. "यादी पूर्ण झाली म्हटलं, आता कशाला?"

पुस्तक बदलायला आलेल्या, निर्मळ गावात केळी विकणाऱ्या विठ्ठलकाकांनी टेप तळहातावर तोलली. "हलकी लागते. अर्धीच भरलीय."

"काका, ही केळी नाहीत."

"घड बघून किलो सांगतो मी! पावशेराचा फरक पडत नाही."

परेशने टेप यंत्रात सरकवली. तिच्यावर काय आहे याची नोंद जळालेल्या डिस्कवरच होती. आता टेप पहिल्यापासून वाचत न्यायची आणि वेळेवरून अंदाज बांधायचा. "मिनिटाला पाच एमबी. यादी वीसची. चार मिनिटांनी थांबली तर सगळं आहे. आधी थांबली तर अर्धवट."

"आणि नंतर?" सुमेधाने विचारलं.

"तर कुणीतरी यावर भलतंच भरलंय, ताई."

यंत्र घरघरू लागलं. सुमेधा घड्याळाकडे बघत राहिली. तीन मिनिटं. चार. साडेचार.

"थांबव रे!" हिल्डाबाई ओरडल्या.

"मध्येच नाही थांबवता येत."

आठव्या मिनिटाला विठ्ठलकाका पुटपुटले, "तशी जडच होती म्हणा."

बाराव्या मिनिटाला घरघर थांबली. "साठ एमबी. तिप्पट," परेश म्हणाला. "सॉरी, ताई."

सुमेधाने रुमालाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

पडद्यावर अक्षरं उमटली. ग्रंथसूची, सायं. ५.४०. ग्रंथसूची, ५.४६. ग्रंथसूची, ५.५२.

"एकच बॅकअप तीनदा?" परेशला कळेना. "कशाला पण?"

हिल्डाबाईंनी दाराच्या कुलपाकडे पाहिलं. "आणि मी बस चुकली की बिचाऱ्या कुलपाला नावं ठेवायचे!"

संध्याकाळी त्यांनी किल्ली सुमेधाकडे दिली. तिने कुलूप लावलं, ओढून पाहिलं. रिक्षापाशी आली, थबकली आणि परत गेली.

रिक्षावाल्याने गाडी सुरू केली. "थांब जरा," हिल्डाबाई म्हणाल्या, "अजून एकदा जाईल ती."